सतरा डाईव्ह, दोन मनगटं: बॅकअप डाईव्ह कॉम्प्युटरच्या निवडीचं एक प्रकरण

परिस्थिती

ठाण्यातलं जोडपं. ती ४४ वर्षांची, तो ४७. दोघांकडे ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) अशी दोन्ही डायव्हिंग कार्डं. तिच्या नावावर ६२ डाईव्ह, बहुतेक अंदमानात स्वराज द्वीपला, थोड्या मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला. आता मालदीवची सात रात्रींची मुक्कामी बोट ठरली आहे. सहा दिवसांत १७ डाईव्ह, टाकीत नायट्रॉक्स ३२ म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन, पाणी २८ अंशांच्या आसपास. मालदीवच्या नियमांत मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला ३० मीटरची मर्यादा आहे आणि डेको (वर येताना सक्तीचे थांबे) लागेल अशी डाईव्ह करायची नाही. थिला म्हणजे पाण्याखालचे उंचवटे आणि कांडू म्हणजे ॲटॉलमधल्या (प्रवाळाच्या कड्यामधल्या) खिंडी, दोन्हीकडे प्रवाह असतो. त्यामुळे २५ ते ३० मीटरवर खडकात दोरीचा गळ अडकवून एका जागी थांबायचं आणि मग हळूहळू वर सरकायचं, असं बहुतेक डाईव्हचं स्वरूप.

तिचा मुख्य डाईव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली, वेळ आणि शरीरातल्या नायट्रोजनचा हिशेब दाखवणारं मनगटी यंत्र, चांगला आहे. रंगीत स्क्रीन, आतली रिचार्ज होणारी बॅटरी, झेडएचएल-१६सी अल्गोरिदम (नायट्रोजनच्या हिशेबाची पद्धत), ग्रेडियंट फॅक्टर ४०/८५ (सुरक्षिततेची पट्टी, आकडा लहान तितकी कडक). प्रश्न दुसऱ्याचा. बजेट ३०,००० रुपये.

दुसरा हवा असं तिला वाटण्यामागे एक कारण आहे. आधीच्या अंदमान सहलीत तिच्याकडे बटण-सेलवर चालणारा जुना कॉम्प्युटर होता. निघण्याच्या आदल्या दिवशी घराजवळच्या घड्याळाच्या दुकानात त्याचा सेल बदलून घेतला. दुकानदाराने झाकण उघडलं, सेल घातला, झाकण लावलं, ५ मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या डाईव्हमध्ये २२ मीटरवर स्क्रीनच्या आतून धुकं चढलं आणि आकडे गेले. नंतर झाकण उघडल्यावर कारण समोरच दिसलं. ओ-रिंग (झाकणाखालचं पाणी अडवणारं रबरी कडं) कोरडी होती आणि तिच्या खोबणीत कापसाचा एक धागा आडवा पडला होता, केसाइतकाच बारीक. जमिनीवर तो काहीच करत नाही. २२ मीटरवर बाहेरचा दाब ३.२ बार असतो, तेव्हा त्या धाग्याशेजारच्या फटीतून पाणी आत जातं. इन्स्ट्रक्टरने तिला २४ तास पाण्याबाहेर ठेवलं, आणि ते बरोबरच होतं.

बॅकअपचं काम नेमकं काय

इथे बहुतेक खरेदी चुकते. मुख्य बंद पडला तर पिशवीतून काढायची वस्तू म्हणजे बॅकअप, अशी समजूत असते. पण डाईव्ह कॉम्प्युटर हे नुसतं खोलीचं आणि वेळेचं घड्याळ नाही. तुमच्या शरीरात किती नायट्रोजन साठला आहे याचा तो हिशेब ठेवतो. प्रत्येक डाईव्हमध्ये आणि दोन डाईव्हमधल्या प्रत्येक तासात तो हिशेब चालू असतो. पिशवीतल्या कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही गेले आठवडाभर सोफ्यावर बसलेल्या आहात. चौथ्या दिवशी तो हातावर बांधला तर तो कोऱ्या पाटीवरून मोजायला लागेल आणि जास्त वेळ दाखवेल. हातात काहीच नसण्यापेक्षा ते वाईट, कारण तो आकडा खरा वाटतो.

म्हणून पहिली अट मॉडेलची नाहीच. बॅकअप पहिल्या डाईव्हपासून शेवटच्या डाईव्हपर्यंत अंगावर, चालू आणि योग्य गॅसवर असायला हवा. तसं करायचं नसेल तर ३०,००० रुपये वाचवावेत.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं.

"अगं, माझ्या हातावर आहे ना एक. आपण बरोबरच असतो पाण्यात."

"बरोबर असतो, पण तू वर मान करून फोटो काढत असतोस आणि मी खाली कासवापाशी. चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो."

तिचं बरोबर आहे, आणि तो फरक मोजता येतो. ब्युलमान यांच्या झेडएचएल-१६सीचे गुणांक घेतले, वरचा, म्हणजे दुसरा, ग्रेडियंट फॅक्टर ८५ धरला आणि ताज्या शरीराने थेट तळाला पोचलो असं मानलं, तर साध्या हवेवर २४ मीटरला डेकोशिवायचा वेळ सुमारे २० मिनिटं येतो आणि ३० मीटरला सुमारे १२. सहा मीटरने वेळ जवळपास ४० टक्क्यांनी घटला. बडीचा, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचा, कॉम्प्युटर बडीचा हिशेब सांगतो, दुसऱ्याचा नाही. आदल्या डाईव्हला दोघांपैकी एकजण वर थांबला होता, एकजण खाली गेला होता, हेही त्याला ठाऊक नसतं.

अल्गोरिदम: दोन्ही कॉम्प्युटरनी एका भाषेत बोलावं

बाजारात ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक झुरिकच्या अल्बर्ट ब्युलमान यांच्या मांडणीचं. त्यात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरतात. वेगवान कप्पा ४-५ मिनिटांत अर्धा भरतो, सर्वांत संथ कप्प्याला अर्धं भरायला ६३५ मिनिटं लागतात. त्यावर एरिक बेकर यांनी सुचवलेले ग्रेडियंट फॅक्टर बसवून सुरक्षिततेची पट्टी खालीवर करता येते. दुसरं घराणं आरजीबीएमचं (रिड्यूस्ड ग्रेडियंट बबल मॉडेल). ते ब्रूस विन्के यांच्या कामावर आधारलेलं आहे. सुंटोच्या झूप नोवोत किंवा क्रेसीच्या लिओनार्दोत याचीच रूपं चालतात. ती लागोपाठच्या डाईव्ह, दोन डाईव्हमधला कमी वेळ आणि झटपट चढणं यांवर आणखी दंड लावतात.

दोन्ही पद्धतींवर लाखो डाईव्ह सुरळीत झाल्या आहेत, त्यामुळे यातली एक चांगली आणि दुसरी वाईट असं ठरवत बसण्यात अर्थ नाही. अडचण दोन वेगळी घराणी एकाच माणसाच्या दोन हातांवर बांधल्यावर येते. पहिल्या डाईव्हला दोघांत एक-दोन मिनिटांचा फरक असतो. दिवसाच्या तिसऱ्या-चौथ्या डाईव्हपर्यंत तो ८-१० मिनिटांवर जाऊ शकतो. डायव्हर मग रोज एका कॉम्प्युटरकडे दुर्लक्ष करायला शिकते. ज्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागली, तो बॅकअप अडीनडीला विश्वासाचा राहत नाही.

इथे कुलूप लागण्याचा धोकाही आहे. बरेच साधे कॉम्प्युटर डेकोची पायरी मोडली की चिडतात. सुंटोचे जुने-साधे कॉम्प्युटर एरर मोडमध्ये जाऊन ४८ तास डेकोचा हिशेब देणं बंद करतात, ओशनिकचे २४ तास नुसता गेज होऊन बसतात, म्हणजे फक्त खोली आणि वेळ दाखवतात. शीअरवॉटरचे कुलूप लावत नाहीत. आता समजा मुख्य कॉम्प्युटर ढिला आणि बॅकअप कडक आहे. मुख्याच्या आकड्यावर विश्वास ठेवून चढलात, त्या दरम्यान बॅकअपच्या लेखी डेको लागला आणि तुम्ही तो थांबा घेतला नाही. बॅकअप कुलपात गेला आणि पुढचे दोन दिवस बॅकअप नाही. जो आणीबाणीसाठी घेतला तोच आधी गेला.

यावरून या प्रकरणात आम्ही नियम असा धरला: घराणं एकच, आणि बॅकअपची पट्टी मुख्याइतकी किंवा मुख्यापेक्षा अगदी थोडी सैल. डाईव्ह चालवायची मुख्याच्या आकड्यावर. तो आधी संपतो, बॅकअपला कधी डेको लागतच नाही. काहीजण उलट सांगतात, बॅकअप कडक ठेवा म्हणजे जास्त सुरक्षित. ते मुक्कामी डायव्हिंगला, रोजच्या ३-४ डाईव्हला लागू पडत नाही. सुरक्षितता वाढवायची असेल तर मुख्य कडक करावा, म्हणजे ती रोज वापरात येते.

आकड्यांत सांगायचं तर ३० मीटरला, वरच्याच गृहीतांवर, ग्रेडियंट फॅक्टरचा वरचा आकडा ९५ असेल तर हवेवर सुमारे १५ मिनिटं, ८५ला १२, ७५ला ९. नायट्रॉक्स ३२ वर तेच अनुक्रमे २४, १९ आणि १५. डेको नसलेल्या डाईव्हमध्ये डेकोशिवायचा वेळ ठरवतो तो हा वरचा, म्हणजे दुसरा आकडा. ४०/८५ मधला ४० फक्त डेको लागल्यावर पहिला थांबा कुठे घ्यायचा ते सांगतो. बॅकअपवर ४०/८५ हुबेहूब मिळाला नाही आणि ३५/८५ मिळाला तरी या सहलीसाठी फरक शून्य. तुलनेला एक जुना मापदंड द्यायचा तर पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ३० मीटरला २० मिनिटं आहेत.

पर्याय

दुसरा तसाच कॉम्प्युटर घेणं सर्वांत सोपं. बटणं तीच, आकडे तेच. पण बजेटबाहेर, आणि चार्जिंगची दुखणीही दोन्हींची एकच. चार्जर हरवला, सॉकेटला वीज नाही, तर दोन्ही कॉम्प्युटर एकाच सकाळी बंद पडतात. बॅकअप वेगळ्या कारणाने बंद पडणारा असावा. आमच्या मते ही अट अल्गोरिदमच्या खालोखाल महत्त्वाची.

गार्मिन डिसेंटसारखी घड्याळं झेडएचएल-१६सी चालवतात, पण तीही रिचार्जची आणि महाग. ॲपल वॉच अल्ट्रा ॲप घालून ४० मीटरपर्यंत चालतं आणि अनेकांच्या हातावर आधीच असतं. प्रत्येक डाईव्हला ते बरोबर न्यायची शिस्त असेल तर काहीच नसण्यापेक्षा नक्की बरं. पण दिवसभर संदेश, पावलं आणि फोटो यांत त्याची बॅटरी संपते, म्हणून एकमेव बॅकअप म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

शीअरवॉटर पर्डिक्स जुना मिळाला तर तो वेगळा मोह. तो एका एए सेलवर चालतो. एए सेल मालेपासून मालवणपर्यंत कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. बजेटमध्ये आणि ओळखीच्या माणसाकडून मिळाला तर घ्यावा. अनोळखी विक्रेत्याकडून घेताना बॅटरीच्या कप्प्यातल्या स्प्रिंगवर हिरवा थर आहे का ते आधी पाहावं.

राहिला जाड गोल चकतीच्या आकाराचा, बटण-सेलचा साधा वर्ग. यात झूप नोवो आणि लिओनार्दो दणकट आणि स्वस्त, पण घराणं आरजीबीएम. मारेसचा पक ४ याच आकारात झेडएचएल-१६सी चालवतो आणि सेल स्वतः बदलता येतो. निवड या वर्गात झाली. घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून तीन पानं वाचायची: सुरक्षिततेच्या पातळ्यांमागचे ग्रेडियंट फॅक्टर किती, डेको मोडल्यावर काय होतं, आणि सेल काढल्यावर नायट्रोजनचा हिशेब राहतो की पुसला जातो. दुकानातला माणूस या तिन्हींची उत्तरं क्वचितच देतो.

टाकीतला दाब दाखवणारा ट्रान्समीटर बॅकअपलाही हवा का, असं तिने विचारलं होतं. नको. रेग्युलेटरवर साधा दाबमापक आहे तोपर्यंत तो खर्च व्यर्थ. ज्यांनी तो मापक काढून टाकला आहे त्यांनी आधी तो परत बसवावा, बॅकअप कॉम्प्युटरचा विचार त्यानंतर.

सेल

या बॅकअपला लागणारा सेल सीआर२४५०, म्हणजे २४.५ मिलिमीटर व्यास, ५ मिलिमीटर जाडी. सीआर२०३२ हा प्रत्येक कोपऱ्यावर मिळतो, पण २० मिलिमीटरचा आणि ३.२ जाडीचा, इथे चालत नाही. दोन सुटे सेल ठाण्यातूनच घ्यायचे, पाकिटावरची तारीख बघून, आणि केबिन सामानात ठेवायचे. सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये चालत नाहीत. मल्टिमीटरने मोजून खात्री होत नाही, कारण लिथियम बटण-सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. जुना सेल ठीक दिसतोय म्हणून तोच नेण्यात काटकसर नाही, १७ डाईव्हच्या सहलीला नवा सेल घालूनच निघायचं.

बदलायची पद्धत लक्ष देऊन करण्यासारखी आहे. सहलीच्या किमान आठवडाभर आधी, आणि शेवटच्या डाईव्हनंतर दोन दिवस उलटल्यावर. पंखा बंद. टेबलावर पांढरा कागद, टॉवेल नाही. झाकण नाण्याने किंवा सोबतच्या चावीने फिरवून काढायचं. जुनी ओ-रिंग लाकडी टूथपिकने उचलायची, सुईने नाही, कारण खोबणीला ओरखडा गेला की नवी रिंगही गळते. खोबणीवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की एकेक धागा सावली टाकतो आणि दिसतो. तो कानातल्या काडीने काढू नये, काडीचाच कापूस मागे राहतो. बोटाच्या टोकाने पुसायचं. नव्या रिंगला मोहरीच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस पुरे. रिंग ओली चकचकीत दिसली पाहिजे, ग्रीसचा गोळा कुठेही दिसता कामा नये, कारण गोळ्याला धूळ चिकटते. सेलच्या कडेला धरायचं, दोन्ही बाजूंना अंगठा लावायचा नाही. झाकण खुणेपर्यंत फिरवायचं, त्यापुढे जोर नाही.

मग ग्लासभर पाण्यात १५ मिनिटं. बुडबुडा आला तर गळती नक्की. नाही आला म्हणजे फक्त वरवरची गळती नाही, कारण ग्लासात दाब नसतो. खरी परीक्षा तरणतलावाच्या खोल बाजूला ३ मीटरवर, आणि शेवटी बोटीच्या पहिल्या, उथळ चेक डाईव्हला.

जुळवणी

घरी बसून दोन्ही कॉम्प्युटरच्या प्लॅनरमध्ये १८, २४ आणि ३० मीटरचे वेळ हवा आणि नायट्रॉक्स ३२ साठी पाहिले आणि वहीत शेजारी शेजारी लिहिले. मुख्य ८५ वर. बॅकअपच्या तीन पातळ्यांपैकी मधली ३० मीटरला मुख्यापेक्षा २ मिनिटं जास्त देत होती, कडक पातळी ३ मिनिटं कमी. मधली ठेवली. दोन्हीकडे समुद्राचं पाणी, मीटर, ऑक्सिजनच्या दाबाची मर्यादा १.४ बार. घड्याळ मालेच्या वेळेवर, म्हणजे भारतापेक्षा अर्धा तास मागे. हे किरकोळ वाटतं, पण नंतर नोंदी जुळवताना सोपं जातं.

पाण्यात दोन्ही कॉम्प्युटर दाखवतात त्या खोलीत तरी ०.२-०.५ मीटरचा फरक राहतोच. एक गोड्या पाण्यावर आणि दुसरा खाऱ्यावर लावलेला असेल तर ३० मीटरला तो जवळपास १ मीटरचा होतो. तसा फरक दिसला तर सेटिंग तपासा, सेन्सरला दोष देण्याआधी.

बांधायचं कुठे? मुख्य डाव्या मनगटावर, बॅकअप उजव्या. एका हातावर दोन्ही बांधायची पद्धत दिसते, ती टाळावी. वर येताना बीसीडीची (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटाची) हवा सोडायला डावा हात इन्फ्लेटरसह (त्या हवेच्या नळीसह) डोक्यावर जातो. मनगट एका झटक्यात ६०-७० सेंटिमीटर वर सरकलं की कॉम्प्युटरला तुम्ही वेगाने चढताय असं वाटतं आणि तो ओरडतो. उजवा खाली शांत असेल तर एका नजरेत कळतं की चढलाय तो हात, तुम्ही नाही. आणि उजव्यावरचा आकडा तेव्हा खरा. पट्टा सिलिकॉनचा थोडा लांब, किंवा बंजी. वेटसूट ३० मीटरवर दबतो आणि घट्ट बांधलेला पट्टाही सैल होतो.

बोटीवर

पहिल्या चेक डाईव्हला १४ मीटरवर दोन्ही चालू, दोन्ही कोरडे. फरक ०.२ मीटर.

दुसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या डाईव्हला गडबड झाली. प्रत्येक टाकीतला ऑक्सिजन मोजून आकडा दोन्ही कॉम्प्युटरवर लावायचा ठरलं होतं. अॅनालायझरवर ३१.६ आला तर ३१ लावायचा, वर सरकवायचा नाही, म्हणजे नायट्रोजनचा हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. दुपारी एकच्या सुमारास टाकी तपासली, दोन्ही ३१ वर केले. मग बोट व्हेल शार्क शोधत फिरत राहिली आणि उडी साडेतीननंतर पडली. काही कॉम्प्युटर लावलेला नायट्रॉक्स ठराविक वेळ डाईव्ह सुरू झाली नाही तर विसरतात आणि २१ टक्क्यांवर परत जातात. हेतू भला आहे, कालची टाकी आज धरली जाऊ नये. बॅकअप २१ वर गेला होता.

२४ मीटरवर पंधराव्या मिनिटाला डाव्या हातावर १८ मिनिटं शिल्लक होती, उजव्या हातावर ४. एवढी मोठी तफावत पट्टीच्या फरकाने येत नाही. ताज्या शरीराने २४ मीटरला ८५ वर हवा २० मिनिटं देते आणि नायट्रॉक्स ३२ देतो ३५. फरक नेमका गॅसचा होता. तिने उजव्यावर गॅस वाचला, २१. खाली असताना तो बदलता आला नाही. मग तिने जे केलं तेच योग्य होतं: बडीला खूण करून १६ मीटरपर्यंत वर सरकली, बॅकअपला शिल्लक वेळ वाढू दिला, तो डेकोत जाऊ दिला नाही. बॅकअप चुकीचा आहे हे माहीत असूनही. त्याचं कुलूप लागलं असतं तर पुढचे दिवस तो गेला असता.

त्या संध्याकाळी बॅकअप खऱ्यापेक्षा जास्त नायट्रोजन धरून बसलेला होता. रात्रभरात ती चूक बरीचशी विरते, कारण २४ मीटरच्या एका डाईव्हमध्ये भरतात ते वेगवान आणि मधले कप्पे, आणि ते काही तासांत रिकामे होतात. तिसऱ्या दिवसापासून उडीआधी एक उच्चार ठरला. प्लॅटफॉर्मवर, फिन घातल्यावर, मास्क लावण्याआधी: तो विचारतो "डावा?", ती वाचते "३१." "उजवा?" "३१." त्याच्या हातावरचाही ती तसाच विचारते. ३ सेकंदांचं काम.

पाचव्या दिवसाची सकाळ. रात्री बोट हलत होती. मुख्य कॉम्प्युटर वायरलेस चार्जिंगच्या चकतीवरून दोन बोटं सरकला आणि चार्ज झालाच नाही. पहाटे सव्वासहाच्या ब्रीफिंगला बॅटरीची खूण लाल. इथे एक चुकीचा निर्णय अगदी जवळ होता. तो केबिनमध्ये चार्जिंगला ठेवून फक्त बॅकअपवर उडी मारायची. तसं केलं असतं तर मुख्याला त्या डाईव्हचा पत्ताच लागला नसता आणि नंतर तो पूर्ण चार्ज होऊनही खोटा ठरला असता. अर्धवट बॅटरीवर का होईना, तो हातावर असणंच बरं. कदाचित पूर्ण डाईव्ह टिकतो.

टिकला नाही. एकतिसाव्या मिनिटाला १४ मीटरवर स्क्रीन काळी. उजव्या हातावर ३८ मिनिटं शिल्लक. तिने बडीला आपला डावा हात दाखवला, मग अंगठा वर. १४ मीटरवर घाई नव्हती, पण पुढे भटकत राहण्याचंही कारण नव्हतं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर, ५ मीटरवर ३ मिनिटं, एसएमबी (आपली जागा दाखवणारा फुगा) सोडून पृष्ठभागावर. बॅकअप नसता तर हेच करून थांबा ५ मिनिटांचा किंवा जास्त घ्यायचा आणि मग दिवस संपला.

उरलेल्या ४ डाईव्ह बॅकअपवर झाल्या. तो आता मुख्य. चार्ज झालेला जुना मुख्य डाव्या मनगटावर परत बांधला, पण फक्त खोली आणि वेळेसाठी. डेकोशिवायचा त्याचा आकडा वाचायचा नाही, हे तिने पट्ट्यावर पांढरी टेप गुंडाळून स्वतःला सांगितलं. त्याला गेज मोडमध्ये टाकायचाही विचार आला होता, पण बरेच कॉम्प्युटर गेजनंतर २४ ते ४८ तास नेहमीच्या मोडमध्ये येत नाहीत, म्हणून तसंच ठेवलं. बॅकअपच नसता तर नवा कॉम्प्युटर बांधण्याआधी २४ तास बाहेर, म्हणजे चारपैकी तीन डाईव्ह गेल्या असत्या. आणि २४ तासांतही ६३५ मिनिटांचा सर्वांत संथ कप्पा सुमारे ७९ टक्केच रिकामा होतो, त्यामुळे "२४ तासांत कोरा" हेही हातचं राखूनच धरायचं.

विमान आणि घाट

शेवटची डाईव्ह सहाव्या दिवशी सकाळी ११ ला संपली, विमान दुसऱ्या दिवशी दुपारी. लागोपाठच्या अनेक दिवसांच्या डाईव्हनंतर डॅनची (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची) शिफारस किमान १८ तासांची आहे. एकच डेको नसलेली डाईव्ह असेल तर १२. बॅकअपने दाखवलेला उड्डाणबंदीचा वेळ आणि १८ तास, यांतला मोठा धरला. टेप लावलेल्या कॉम्प्युटरने कमी वेळ दाखवला होता, तो विचारात घेतला नाही.

मराठी डायव्हरांनी हाच हिशेब घरच्या रस्त्यावरही करावा. मालवण-तारकर्लीला सकाळी खोल डाईव्ह करून दुपारी आंबोलीमार्गे वर गेलात तर दोन तासांत ७०० मीटरच्या आसपासची उंची गाठता. डॅनची विमानाची शिफारस ६०० ते २४०० मीटरच्या केबिन-उंचीसाठी आहे. घाट त्यात बसतो. किनाऱ्यालगतच्या ६-७ मीटरच्या पहिल्यावहिल्या डाईव्हला याची फारशी काळजी नको. २५ मीटरच्या दोन डाईव्हनंतर मात्र मुक्काम खालीच करावा.

परतल्यावर

दोन्ही कॉम्प्युटर गोड्या पाण्यात तासभर, मधून मधून बटणं दाबत, कारण मीठ बटणाखाली साठतं आणि बटण अडकण्याचं ते सर्वांत नेहमीचं कारण आहे. मग सावलीत वाळवणं. ओल्या टॉवेलवर ठेवलेला बॅकअप पाण्याच्या संपर्काने जागाच राहतो आणि सेल खातो, म्हणून टॉवेलने टिपून लाकडी रॅकवर. वहीत तिने पुढची नोंद केली: सेल कोणत्या महिन्यात घातला, तेव्हापासून १७ डाईव्ह, दोन सुटे सेल शिल्लक, ओ-रिंग एक. आणि नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घराण्याचं नाव, कारण आता त्यालाही दुसरा घ्यायचा आहे.